मागच्या चाकाचा आऊट

मंडळी, आपल्या बीदर-भालकी-औरादकडच्या आठवणी निघाल्या की रझाकारांचा काळ, पोलीस अ‍ॅक्शन, ५६ सालची वाटणी आणि माणिकनगरची जत्रा यांवरच बहुतेक लिहिलं जातं. लिहिलंच पाहिजे. मी आज त्याच काळातली एक साधी गोष्ट घेतलीय. सायकलीचं मागचं चाक घासणं.

हसू नका. ज्यांच्या घरी शाळामास्तर, पोस्टमन, पटवारी किंवा दूधवाला होता, त्यांना हे हसण्यासारखं वाटणार नाही. रोज आठ-नऊ मैल जायचं आणि तेवढंच परत यायचं, अशी नोकरी करणाऱ्याचं मागचं चाक नळीला घासायला लागलं की त्याचा निम्मा जीव त्या घासण्यातच जायचा. शिवाय घासून घासून टायरची कड उसवायची. नवा टायर म्हणजे पगाराला मोठा खड्डा.

आपल्या भागात सायकल आली ती निजामाच्या अमदानीत. हैदराबाद संस्थानाचा सगळा कारभार वेगळा होता हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. नाणं वेगळं, ते हाली सिक्का. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार. पोस्टाची तिकिटं वेगळी, रेल्वे वेगळी. आणि हद्दीवर करोडगिरीचा नाका. सोलापूर सोडून नळदुर्गाकडं निघालं की निजामाची हद्द लागे, आणि बाहेरून येणाऱ्या मालावर करोडगिरी भरावी लागे. तेव्हाच्या सायकली बहुतेक इंग्लंडच्या : रॅले, बीएसए, हर्क्युलस. त्या मुंबईला उतरायच्या, सोलापूरला यायच्या आणि तिथून हुमनाबादच्या रस्त्यानं आपल्याकडं. म्हणजे मूळ किंमत, वर व्यापाऱ्याचा नफा, वर करोडगिरी. गावात सायकल आली की लोक बघायला जात असं अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगायचे.

१९३२ साली निजामाच्या रेल्वेनं बसगाड्याही सुरू केल्या, सुरुवातीला २७. एवढ्या मोठ्या संस्थानाला २७ बस म्हणजे हत्तीच्या तोंडात जिरं. हैदराबादकडच्या मोठ्या रस्त्यांना त्यांचा उपयोग झाला असेल, पण भालकीहून आतल्या खेड्यात जायला बैलगाडी, घोडं, पाय, आणि ज्याला परवडेल त्याला सायकल. स्वातंत्र्यानंतर देशी सायकली येऊ लागल्या. १९४९ साली मद्रासजवळ अंबत्तूरला टीआयचा कारखाना निघाला, १९५१ साली सोनीपतला अ‍ॅटलसचा, १९५६ साली लुधियानाला हीरो. त्यानंतर कुठं मास्तरांच्या आवाक्यात सायकल आली. अण्णांची मात्र जुनीच रॅले होती, दुसऱ्याच्या हातून घेतलेली, पुढं-मागं दोन्हीकडं सळईचे ब्रेक, २८ इंची चाकं आणि बैठकीखाली कातड्याची पिशवी.

आता दुकानाकडं येतो. भालकीत आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर एक सायकल दुकान होतं. मालकाला सगळे उस्ताद म्हणत, आम्ही मुलं चाचा. तासावर सायकली भाड्यानं मिळायच्या आणि दुरुस्ती व्हायची. हाताखाली एक लिंगायत घरचा मुलगा होता, तो कन्नड बोलायचा. गिऱ्हाइकं निम्मी मराठी. त्यामुळं दुकानात तिन्ही भाषा एकाच वेळी चालायच्या. आमच्यासारखा मराठी माणूस दारात सायकल लावून म्हणायचा, "चाक घासू लालंय बघा." पोरगा चाक फिरवून म्हणायचा, "गाली सोट्ट आग्याद." उस्ताद मान वर न करता विचारायचे, "चक्का टेढा है की गाडी टेढी है?"

त्यात एक गंमत होती. कन्नडमध्ये चाकाला म्हणतात गाली आणि हवेला म्हणतात गाळी. आणि उर्दूत गाली म्हणजे शिवी. नवा मराठी मुलगा कामाला लागला की पहिले आठ दिवस त्याची दैना व्हायची. "गाळी भर" म्हटलं की हा चाक उचलून आणायचा. उस्तादांनी "गाली नक्को दे" म्हटलं की हा हवा सोडून द्यायचा. पण अवजारांची नावं सगळ्यांची एकच : पाना, निपल, कोन, छर्रे, वायसर, फ्रीव्हील. आणि चाक डावी-उजवीकडं डोलत फिरत असेल तर त्याला आऊट. "आऊट काढा" हे तिन्ही भाषांचे लोक तसंच म्हणत.

आता मुद्द्याचं. पुढचं चाक क्वचित घासतं, मागचंच का घासतं? याचं कारण थोडं इतिहासात आहे. तारांचं चाक इंग्लंडात १८७० च्या दशकात चांगलं रुळलं. जेम्स स्टार्ली या कारागिरानं १८७४ साली तिरप्या तारांच्या चाकाचं पेटंट घेतलं. तेव्हाच्या सायकलींचं पुढचं चाक माणसाएवढं उंच असे आणि पायडल त्यालाच असे. ते चाक दोन्ही बाजूंनी सारखं. मग १८८५ च्या सुमाराला त्याच्याच पुतण्यानं, जॉन केम्प स्टार्लीनं, रोव्हर सायकल काढली. दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि साखळी मागच्या चाकाला. आजची आपली सायकल ती हीच. पण साखळी मागं नेल्यामुळं मागच्या चाकाच्या उजव्या अंगाला फ्रीव्हीलची जागा ठेवावी लागली. त्यामुळं रिम मधोमध राहावी म्हणून उजवीकडच्या तारा जास्त ताणाव्या लागतात आणि डावीकडच्या थोड्या सैल. म्हणजे मागचं चाक जन्मापासूनच एकीकडं ओढलेलं असतं. त्यावर माणसाचं वजन, कॅरियरवर पोतं, वर डबलसीट. शिवाय साखळी उजवीकडून एक्सलला पुढं खेचत असते. उजवा नट थोडा सैल असला की एक्सलचं उजवं टोक खाचेत पुढं सरकतं, चाक तिरकं होतं आणि टायरची पुढची कड डाव्या नळीला जाऊन टेकते. सायकल चालवणाऱ्या कुणालाही विचारा, घासणं बहुतेक वेळा डावीकडंच असतं.

पायडलपासून मागच्या चाकाकडं ज्या दोन आडव्या नळ्या जातात त्यांना दुकानात मागचा चिमटा म्हणायचे. टायर आणि त्या चिमट्यात जेमतेम बोटभर जागा. आपल्या भागात ती जागासुद्धा पावसाळ्यात राहायची नाही. बीदरचं पठार लाल, जांभ्या दगडाचं. तिथं पाणी निचरून जातं. पण खाली मांजरेच्या बाजूला, भालकी-औरादकडं उतरलं की काळी चिकणी माती. एक पाऊस पडला की ती टायरला चिकटायची, मडगार्डात भरायची आणि चाक जागच्या जागी थांबायचं. अण्णांच्या हँडलला पावसाळाभर एक बाभळीची काडी बांधलेली असायची, चिखल काढायला. तेवढ्यानं भागलं नाही की सायकल खांद्यावर. अशा वेळी चाक घासतंय म्हणून दुकानात आलेल्या निम्म्या गिऱ्हाइकांना उस्ताद पाण्याची बादली दाखवायचे. आधी धू, मग बोल.

धुऊनही घासत असेल तर मग त्यांचं बघणं सुरू व्हायचं. हे मी तासन् तास बघितलंय, म्हणून नीट सांगतो. सायकल स्टँडवर लावायची आणि चाक हातानं सावकाश फिरवायचं. एका फेऱ्यात एकाच ठिकाणी घासत असेल तर रिमला आऊट आलाय किंवा टायरला फुगा आलाय. सगळ्या फेऱ्यात सारखं घासत असेल तर रिमला हात लावायचा नाही. चाक खाचेत तिरकं बसलंय किंवा मधोमध नाही. मग चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडं हलवायचं. खडखड हललं तर कोन सैल आहे, छर्रे झिजलेत किंवा एक्सल वाकलाय. आणि रिकामी फिरवताना घासत नाही, पण माणूस बसला की घासते, असं असेल तर तारा ढिल्या आहेत किंवा एखादी तुटलीय. तुटलेली तार बहुधा फ्रीव्हीलच्या बाजूची असायची, म्हणजे फ्रीव्हील काढल्याशिवाय नवी घालता यायची नाही. गिऱ्हाईक कपाळाला हात लावायचं.

आऊट काढणं हे बघायला सोपं, करायला अवघड. जुन्या धाटणीच्या सायकलीला पुढं ३२ आणि मागं ४० तारा. मागच्या चाकाच्या २० तारा डाव्या अंगाला जातात, २० उजव्या. रिम एका जागी डावीकडं आली असेल तर तिथल्या डाव्या तारा किंचित सोडायच्या आणि उजव्या किंचित ओढायच्या. किंचित म्हणजे निपलला पाव फेरा. उस्ताद खडूचा तुकडा रिमजवळ धरून चाक फिरवायचे. जिथं रिम बाहेर आलीय तिथं खडूची रेघ उमटायची. त्या रेघेच्या मधल्या तारेपासून सुरुवात. पाव फेरा, पुन्हा फिरवणं, पुन्हा रेघ. गंजलेल्या निपलवर आदल्या रात्री घासलेट टाकून ठेवायचं, नाहीतर निपल फिरत नाही, तारच पिळते आणि तुटते. घाई करणारा मिस्त्री एक जागा सरळ करताना दुसरी वाकडी करतो आणि संध्याकाळपर्यंत अंडाकृती चाक घेऊन बसतो. असे मिस्त्री मी पुण्यात पुष्कळ बघितले.

पण उस्तादांची खरी ख्याती दुसऱ्याच परीक्षेसाठी होती. चाक सगळ्या फेऱ्यात एकाच बाजूला घासतंय, नट घट्ट आहेत, कोन ठीक आहेत, तरी घासतंय. मग दोष चाकात की सांगाड्यात? ते साखळी उतरवून चाक काढायचे आणि उलटं घालायचे. फ्रीव्हील डावीकडं. आता चाक दुसऱ्या बाजूला सरकलं तर दोष चाकाचा : तारा चुकीच्या ताणल्यात. आणि उलटं घालूनही चाक त्याच नळीला चिकटलं तर चाक निर्दोष, सांगाडा वाकलाय. एवढंच. कुठलं यंत्र नाही, माप नाही. "चक्का टेढा है की गाडी टेढी है" याचं उत्तर दोन मिनिटांत मिळायचं.

इथं ५६ सालाबद्दल बोलावं लागेल. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद संस्थानाच्या वाटण्या झाल्या तेव्हा बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले. जहीराबादकडचा भाग आंध्रात. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. आमचे काका उदगीरजवळ शेतीवर, अण्णा भालकीला नोकरीवर. एका जिल्ह्यातले दोन भाऊ दोन राज्यांत गेले. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ ला आला, पुढं २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, ते सगळं तुम्हाला पाठ आहे. मला एवढंच नोंदवायचंय की आमच्या घरात कन्नडचा राग कधी शिकवला गेला नाही. भालकी मठाच्या चन्नबसव पट्टद्देवरूंनी निजामाच्या काळात बाहेर उर्दू पाटी लावून आत कन्नड शाळा चालवली, ही गोष्ट अण्णा आम्हाला आदरानं सांगायचे. स्वतः मराठी शाळेवरचे मास्तर. आपल्या भाषेची शाळा टिकवायला काय करावं लागतं हे त्यांना त्यांच्या नोकरीनं शिकवलं होतं.

आता १९७२. दुष्काळ आपल्या दोन्ही बाजूंना सारखाच होता. दुष्काळी कामांवर खडी फोडायला लोक गेले, रेशनच्या दुकानात मिलो यायचा. काकांच्या विहिरीला थोडं पाणी टिकलं होतं, त्यांना जेमतेम ज्वारी झाली. त्यांनी निरोप धाडला, अर्धं पोतं घेऊन जा. तेव्हा धान्य एका राज्यातून दुसऱ्यात न्यायला बंदी असायची. घरच्या खाण्यापुरती का असेना, आपल्याच भावाच्या शेतातली का असेना, ज्वारी हद्द ओलांडून आणायची म्हणजे नाक्यावर कुणी काय म्हणेल याची धास्ती. अण्णा मोठा रस्ता सोडून गाडीवाटेनं आले. एका ओढ्याच्या उतारावर सायकल उजव्या अंगावर आडवी झाली, पोत्यासकट. उठवली तर मागचं चाक डाव्या नळीला टेकलेलं. वाटेत एका गावात मिस्त्री सापडला. त्यानं चाक फिरवून बघितलं आणि उजव्या तारा ओढ ओढ ओढल्या, रिम उजवीकडं आणून दिली. घासणं कमी झालं, पण आता ब्रेकचं रबर तारांना लागायला लागलं आणि चार मैलांवर फ्रीव्हीलच्या बाजूच्या दोन तारा एकापाठोपाठ तुटल्या. तिथून पुढं अण्णा सायकल ढकलत आले. चाक घासतंय, वर अर्धं पोतं. घरी पोचले तेव्हा चांदणं पडलं होतं. आईनं आधी पोतं आत घेतलं, मग त्यांना पाणी दिलं. तिचं बरोबरच होतं, घरात आठ तोंडं होती.

दुसऱ्या दिवशी शाळा होती, सायकल नव्हती. अण्णा पहाटे उठून चालत गेले, मी सायकल दुकानात नेली. उस्तादांनी चाक उलटं घातलं. ते पुन्हा डाव्याच नळीकडं. त्यांनी मान हलवली, "मास्टरसाब का चक्का बेकसूर था," म्हणाले आणि त्या वाटेवरच्या मिस्त्रीला एक शुद्ध उर्दू गाली दिली, ल वाली.

मग दोरी निघाली. सुतळीचं एक टोक मागच्या डाव्या खाचेला, तिथून हँडलखालच्या उभ्या नळीला वळसा घालून दुसरं टोक उजव्या खाचेला, ताणून. बैठकीखालच्या नळीपासून दोरीचं अंतर दोन्हीकडं सारखं पाहिजे. उजवीकडं करंगळी जेमतेम जात होती, डावीकडं दोन बोटं. म्हणजे मागचा अख्खा चिमटा डावीकडं गेलेला. त्यांनी सांगाडा आडवा टाकला, पोरानं पुढची बाजू पायानं दाबली, आणि बैलगाडीचा एक जुना दांडका नळ्यांच्या मध्ये घालून उस्ताद त्यावर सावकाश झुकले. भट्टी नाही, हातोडी नाही. पोलाद थोडं वाकतं आणि सोडलं की परत येतं, म्हणून हवं त्याच्या थोडं पुढं न्यावं लागतं. झुकायचं, सोडायचं, दोरी लावायची. असं किती वेळा केलं मोजलं नाही. दोन्हीकडं दोरी सारखी आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. त्यानंतर दोन्ही खाचा एकमेकींसमोर सपाट आहेत का ते बघितलं. त्या तिरक्या राहिल्या तर नट आवळताना एक्सल वाकतो. शेवटी वाटेवर ताणलेल्या सगळ्या तारा सोडल्या, दोन नव्या घातल्या आणि आऊट काढला.

अण्णा संध्याकाळी आले, पैसे विचारले. उस्ताद पैसे घेईनात. त्यांच्या घरातही मिलोच शिजत होता. शेवटी आईनं दोन शेर ज्वारी फडक्यात बांधून पाठवली, ती त्यांनी घेतली.

ती सायकल अण्णांनी निवृत्तीपर्यंत वापरली. मधल्या काळात खूप बदललं. १९७३ ला म्हैसूरचं कर्नाटक झालं, १९८२ ला उदगीर नव्या लातूर जिल्ह्यात गेलं. मोपेड आल्या, आतल्या खेड्यांत बस पोचल्या. भाड्याच्या सायकली बंद झाल्या. २००६-०७ पासून कर्नाटकात आठवीच्या मुलांना सरकारी सायकली मिळू लागल्या तेव्हा उस्तादांच्या मुलाला काही वर्षं बरा हंगाम लाभला. नव्या चाकाच्या तारा पहिल्या महिन्याभरात बसतात, ढिल्या पडतात, तेव्हा एकदा आवळाव्याच लागतात; न आवळता वर्षभर दामटलं की तारा तुटायला लागतात. तो शाळेच्या फाटकासमोर पेटी घेऊन बसायचा. आता तो मोटरसायकली बघतो. त्यांच्यातही मागच्या एक्सलच्या दोन्ही बाजूंना खुणा असतात, साखळी ताणताना दोन्हीकडं सारख्या खुणेवर नट आणायचा. एक कमी-जास्त झाली की चाक तिरकं. त्याला हे कुणी शिकवावं लागलं नाही.

माझा भाचा पुण्यात गियरची सायकल चालवतो. गेल्या महिन्यात तिचं मागचं चाक डावीकडं घासत होतं आणि दुकानदारानं नवीन चाक सांगितलं होतं, आकडा ऐकून मी खुर्चीत बसलो. डिस्क ब्रेकची सायकल, त्यामुळं चाक उलटं घालून बघता येईना, डिस्क आडवी येते. मग दोरी मागवली. दोन्हीकडं अंतर सारखं निघालं, म्हणजे सांगाडा सरळ. चाक फिरवलं, सगळ्या फेऱ्यात सारखं घासत होतं, म्हणजे आऊटही नाही. एक्सलची कळ सोडली, सायकल जमिनीवर चाकांवर उभी करून वरून दाबली, एक्सल दोन्ही खाचांत तळाला बसला, कळ आवळली. घासणं थांबलं. भाच्यानं विचारलं, हे कुठं शिकलास मामा? मी म्हटलं भालकीला. तो म्हणाला, ते कुठं आलं?